मामांची ई-एमटीबी: कार्बन फ्रेम की अलॉय, एक पूर्ण प्रकरण

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मामांचा फोन आला, मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीतच होतो, आणि हॅलो म्हणायच्या आधीच प्रश्न, "भाचे, दीड लाख जास्त द्यायचे का नाही तेवढं सांग." मी म्हटलं, "मामा, कशाचे दीड लाख?" तर म्हणे फ्रेमचे. त्यांना ई-एमटीबी, म्हणजे मोटर-बॅटरीवाली डोंगरी सायकल घ्यायची होती. सायकल तीच, मोटर तीच, बॅटरी तीच, पण फ्रेम कार्बनची (कार्बन फायबरची) घेतली तर सहा लाख वीस हजार आणि अलॉयची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) घेतली तर चार लाख सत्तर. दुकानदार म्हणाला होता की पैसे असतील तर कार्बनच घ्या, मामेभाऊ पुण्याहून रोज तेच सांगत होता, आणि मामींचं म्हणणं होतं की सायकलला एवढे पैसे लागतातच कसे. त्या एका फोनमधून पुढे तीन आठवडे जे काय झालं ते सगळं इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये पण सतत येतो आणि त्याला जे ठरलेलं उत्तर मिळतं ते मला आता पटत नाही.

आधी मामांबद्दल. वय ५४, वजन ८२ किलो, दिंडोरीला सात एकर द्राक्षबाग. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी पळणं बंद करून सायकल चालवा सांगितलं. नाशिकमध्ये सायकलचं वेड तसं नवीन नाही, २०१५ ला डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सायकल शर्यत) पूर्ण केली तेव्हापासून तर आमच्याकडे पन्नाशीतली माणसंसुद्धा पहाटे हेल्मेट घालून बाहेर पडायला लागली. मामांकडे साधी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) एमटीबी होतीच, पण चढ आला की गुडघा दुखायचा आणि उतरून ढकलत न्यावी लागायची. एका मित्राची ई-एमटीबी त्यांनी रामशेजच्या पायथ्याला आशेवाडीत चालवून बघितली आणि त्या दिवसापासून डोक्यात तेच.

आता त्यांचा वापर काय, हे नीट सांगतो कारण सगळा निर्णय शेवटी यावरच आला. रोज सकाळी बागेची चक्कर, सहा-सात किलोमीटर शिवाररस्ता, मुरूम, पाटाची गाळवट, मध्ये ठिबकच्या नळ्या. रविवारी आमच्याबरोबर, म्हणजे गंगापूर धरणाच्या मागची बाजू, त्र्यंबक रोडने अंजनेरीचा कच्चा रस्ता, पावसाळ्यात पहिने. आणि तिसरं म्हणजे सायकल घरून राइडच्या जागी जाणार पिकअपमधून, बऱ्याचदा रिकाम्या क्रेटच्या शेजारी आडवी टाकून. मी कितीही सांगितलं की उभी बांधा, बांधतो म्हणतात, पण कामाच्या गडबडीत ती आडवीच जाते हे मला माहीत होतं.

मोटर शिमानोची ईपी८, ८५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), मोटरचं स्वतःचं वजन २.६ किलो, बॅटरी ६३० वॅट-अवरची, ती एकटीच साडेतीन किलोच्या वर. दोन्ही सायकलींत हे सगळं सारखं. मामेभावाने मध्येच तिसरा पर्याय काढला, पुण्यात एकाची त्याच मॉडेलची कार्बनवाली दीड वर्ष वापरलेली बाईक चार लाख नव्वदला मिळत होती, म्हणजे नव्या अलॉयच्या जवळपास भावात कार्बन. हा पर्याय खरंच मोहात पाडणारा होता, मी पण पडलो होतो.

तो मालक भला माणूस, स्वतः गाडीत घालून बाईक नाशिकला घेऊन आला. दुकानातून अलॉयची डेमो बाईक एका दिवसासाठी मिळाली. दोन्ही मामांच्या शेडमध्ये उभ्या केल्या आणि मामांनी पहिलं काय केलं तर द्राक्षाचे क्रेट तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या. अलॉय २४.६ किलो, कार्बन २३.४. फरक १.२ किलो. मामा काट्याकडे बघत राहिले, म्हणाले, "एवढाच? दीड लाखात एवढाच?" आणि या १.२ मध्ये पण सगळा फरक फ्रेमचा नव्हता, कारण कार्बनच्या मॉडेलला कंपनीने चाकं आणि सीटपोस्ट पण वरच्या दर्जाचे दिले होते. हे लक्षात घ्या, दुकानात ज्याला आपण फ्रेमचा फरक म्हणतो त्यात फोर्क, चाकं, ब्रेक असा बराच माल मिसळलेला असतो, तेव्हा दोन्हीचे स्पेक शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचल्याशिवाय कार्बनचे पैसे किती आणि फोर्कचे किती हे कळत नाही.

मग मी शेडमधल्या फळ्यावर खडूने गणित मांडलं, शाळेतलंच, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. मामा ८२, बाईक साधारण २४, पाणी-हत्यारं-हेल्मेट धरून ४, सगळे मिळून ११० किलो. ५०० मीटर उभा चढ चढायचा तर ११० गुणिले ९.८१ गुणिले ५००, म्हणजे साधारण ५ लाख ४० हजार ज्यूल, वॅट-अवरमध्ये १५०. हा झाला सगळा माल वर न्यायचा खर्च, त्यातला काही मामांचे पाय देणार, काही मोटर. आता फक्त ते १.२ किलो ५०० मीटर वर न्यायला किती, तर १.६ वॅट-अवर. मोटरमधली गळती धरली तरी दोनच्या आसपास. ६३० मधले २. मामांच्या पाठीवर पाण्याची दोन लिटरची पिशवी असते, ती या फरकापेक्षा जड.

साध्या सायकलला हे गणित वेगळं लागतं. तिथे बाईक १३ किलोची, इंजिन म्हणजे आपले दोन पाय, आणि किलोभर कमी झालं की चढावर खरंच जाणवतं, त्यामुळे कार्बनची जी कीर्ती आहे ती तिथून आलीये आणि तिथे ती खरी आहे. ई-बाईकला सहा किलोची मोटर-बॅटरी लावल्यावर तीच कीर्ती जशीच्या तशी उचलून आणतात, हे मला चुकीचं वाटतं. बॅटरी संपली किंवा ताशी २५ च्या वर मोटरने साथ सोडली की वजन पायावर येतं हे मान्य, पण तेव्हा २३.४ काय आणि २४.६ काय, दोन्ही जडच. उचलून पिकअपमध्ये टाकायची असेल तर बॅटरी काढा, साडेतीन किलो तिथल्या तिथे कमी, फुकटात.

एक अपवाद इथेच सांगून ठेवतो. हलक्या प्रकारच्या ई-एमटीबी येतात, उदाहरणार्थ टीक्यूची एचपीआर५० मोटर असलेल्या, ५० न्यूटन मीटर, मोटर १.८५ किलोची, बॅटरी ३६० वॅट-अवर, अख्खी बाईक १८-१९ किलोत बसते. तिथे सगळा खेळच हलकेपणाचा आहे, तिथे कार्बनला अर्थ आहे. ग्रुपमधला एकजण कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, त्याने तशी घेतली आणि बरोबर केलं. मामांच्या शेडला जिना नाही.

वजनाचा विषय संपल्यावर मी माझं ठेवणीतलं कारण काढलं. म्हटलं, मामा, अलॉय घ्या, अंबडमध्ये हाकेच्या अंतरावर आर्गन वेल्डिंगवाले आहेत, उद्या फ्रेम चिरली तर तासाभरात वेल्डिंग मारून मिळेल, कार्बन चिरली तर कुठे जाणार. हे कारण मी चार-पाच वर्षं लोकांना देत होतो. आणि हे बोलताना माझ्याच समोर असा माणूस बसला होता ज्याच्या बाबतीत हे खोटं ठरलं होतं, आमच्या ग्रुपमधला मित्र, तो त्या दिवशी डेमो बघायला आला होता. तो एवढंच म्हणाला, "माझ्या चेनस्टेचं काय झालं ते सांग की मामांना."

झालं होतं असं की त्याच्या अलॉय बाईकला चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या, वेल्डपाशी बारीक चीर दिसली, वॉरंटी संपलेली, आम्ही दोघं अंबडच्याच एका वेल्डरकडे गेलो, हाताला अत्यंत चांगला माणूस, ॲल्युमिनियमच्या टाक्या करतो, त्याने इतका सुबक मणी ओढला की कंपनीच्या वेल्डपेक्षा देखणा दिसावा. दीड महिन्यात गंगापूरच्या बाजूला उतारावर तो चेनस्टे तुटला, आणि वेल्डवर नाही, वेल्डच्या अर्धा सेंटीमीटर बाजूला तुटला. वेग कमी होता म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं.

तेव्हा मी आमच्या क्वालिटीच्या टेबलवर तो तुकडा ठेवून नीट अभ्यास केला. या फ्रेम बहुतेक ६०६१ नाहीतर तशाच ॲल्युमिनियमच्या असतात, त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेलं असतं, आणि त्या धातूची खरी ताकद तो ओतल्यावर येत नाही, उष्णता-प्रक्रियेने येते. ५३० अंशाच्या आसपास तापवायचा, पाण्यात झटक्यात थंड करायचा, मग १७५ अंशाच्या जवळपास आठेक तास मुरवायचा, तेव्हा आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातू कडक होतो. यालाच टी६ म्हणतात. आता त्यावर आर्गनचं वेल्डिंग केलं की वेल्डच्या शेजारचा पट्टा पुन्हा तापतो, ते कण मोठे होतात, विरघळतात, आणि तिथली ताकद निम्म्याच्या आसपास येते. कंपनी वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम भट्टीत घालून पुन्हा टी६ करते. आमचा वेल्डर भट्टीत घालत नाही, आणि घालायची म्हटली तरी बेअरिंग-पेंट-वायर सगळं काढा, पाण्यात बुडवताना फ्रेम वाकते ती जिगवर सरळ करा, एवढं करून कोण देणार. त्या वेल्डरची काही चूक नव्हती, टाकीला तेवढी ताकद पुरते, चेनस्टेला पुरत नाही.

उलट कार्बन. लोकांना वाटतं कार्बन फुटला म्हणजे संपला, तर तसं नाहीये. खराब भाग उतरता घासून काढतात, त्यावर कापडाचे थर एपॉक्सीत बसवतात, दाबात सुकवतात, बाकीच्या फ्रेमला आच लागत नाही, आणि काम जाणत्या माणसाने केलं तर जोड पक्का होतो. मोटरच्या बैठकीजवळ किंवा पिव्होटच्या (सस्पेन्शनच्या सांध्याच्या) जागी अवघड, पण सरळ नळीवर होतं. म्हणजे दुरुस्तीचं कारण पुढे करायचं तर ते कार्बनच्या बाजूने पडतं! मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तू आतापर्यंत काय सांगत होतास?" बरोबर होतं त्यांचं. मी सांगितलं, आजपासून ते सांगणं बंद.

पण त्या बोलण्यातूनच खरा प्रश्न सापडला. तुटल्यावर दुरुस्त कशी करायची हे बाजूला ठेवा, तुटायच्या आधी आपल्याला कळेल का? दिंडोरीत, मामांच्या हातात, शेडच्या उजेडात?

ॲल्युमिनियमचं वाईट असं की त्याला थकव्याची सुरक्षित मर्यादा नाही, पोलादाला एका ताणाखाली कितीही वेळा वाकवलं तरी चालतं, ॲल्युमिनियमला छोटा ताण पण मोजून मोजून साठत जातो आणि एक दिवस वेल्डच्या कडेला चीर निघते. ई-बाईक जड, मोटरचा टॉर्क वेगळा, त्यामुळे हेडट्यूब (हँडलखालची आखूड नळी) आणि डाउनट्यूब (तिथून मोटरकडे उतरणारी नळी) यांचा जोड, मोटरच्या बैठकीचे वेल्ड आणि दोन चेनस्टेंना जोडणारा पूल या जागा सांभाळायच्या. पण चांगलं असं की ती चीर बहुतेक वेळा हळू वाढते, बाहेरून दिसते, आधी करकर आवाज येतो, दगड लागला तर पोचा पडतो आणि पोचा डोळ्याला दिसतो. कार्बन थकव्याला फार चांगला, त्यात शंका नाही, पण टोकदार मार लागला की वरून नखाएवढा टवका आणि आत थर सुटलेले असं होऊ शकतं. आणि आपल्याकडचा दगड कोणता? काळा बेसाल्ट, फुटला की कडा सुरीसारख्या, त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात माती वाहून गेली की रस्त्यावर नुसती तीच खडी उरते आणि पुढचं चाक ती उचलून थेट डाउनट्यूबवर मारतं.

हे नुसतं तोंडी राहिलं नाही. ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले एक काका आमच्या ओळखीचे, विमानाच्या कंपोझिट (फायबरचे थर चिकटवून केलेल्या) पार्टवर काम केलेले, त्यांना मी पुण्याच्या बाईकसाठी बोलावलं होतं. काकांनी खिशातून नाणं काढलं आणि शांतपणे डाउनट्यूबवर वरून खाली टकटक करत गेले. विमानाच्या कामातसुद्धा पहिली तपासणी हीच असते, नाण्याने किंवा छोट्या हातोडीने, चांगल्या जागी आवाज टणक आणि छोटा येतो, थर सुटले असतील तिथे बसका. सगळीकडे टिक टिक टिक, आणि मोटरच्या चार बोटं वर एकदम ठप. काकांनी मागेपुढे परत वाजवलं, परत ठप. म्हणाले, "गार्ड काढा बरं." प्लास्टिकचं गार्ड काढलं तर आत करंगळीच्या नखाएवढा टवका आणि लॅकरमध्ये चांदणीसारख्या चिरा. दगड गार्डच्या कडेने आत शिरून लागला असणार. मालकाचा चेहरा उतरला, त्याला खरंच माहीत नव्हतं, त्याने वर्षभर गार्ड काढलंच नव्हतं आणि काढायचं कारण पण नव्हतं. नळीची जाडी कुठे किती हे माहीत असल्याशिवाय नाण्याच्या आवाजावर शंभर टक्के बोलता येत नाही हे काकांनी त्यालाही सांगितलं, अल्ट्रासोनिक करून घे म्हणाले. पण आमच्यापुरता विषय तिथेच संपला, आणि बहुतेक कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, ती आम्हाला मिळणार नव्हतीच.

ॲल्युमिनियमसाठी माझ्याकडे काय आहे तर डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट. मशीन शॉपवाल्या कुणालाही विचारा, तीन स्प्रेचे डबे, क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. जागा स्वच्छ करायची, लाल मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा मारायचा, चीर असेल तर त्यातला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. अंबड-सातपूरमध्ये ज्याच्याकडे कास्टिंग किंवा वेल्डिंगचं काम आहे त्याच्याकडे हे डबे असतातच. कार्बनसाठी तशी सोय माझ्या टेबलवर नाही, काका दर महिन्याला येणार नाहीत. नाशिकसारख्या गावात हा मुद्दा मला वजनापेक्षा शंभरपट मोठा वाटतो.

इथे निर्णय झाल्यासारखा होता, तर मामांनीच असा मुद्दा काढला की मी खुर्चीवर परत बसलो. आम्ही शेडमध्ये होतो, कोपऱ्यात मोरचुदाची पोती. मामा म्हणाले, "ॲल्युमिनियमला मोरचूद चालतंय का रे?"

चालत नाही, अजिबात नाही. द्राक्षवाल्यांना बोर्डो सांगायला नको, मोरचूद आणि चुना, डावणी (केवडा) रोगाच्या काळजीत बागेभर मारलेलं असतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि त्याचं पाणी उघड्या लोखंडावर किंवा ॲल्युमिनियमवर पडलं की तांबं त्यावर बसतं आणि खालचा धातू विरघळतो. बोर्डो प्लास्टिकच्या ड्रममध्येच का करतात, ते याच्यामुळे. आणि मामा चुना पुरेसा झाला का हे कसं बघतात, तर द्रावणात लोखंडी पट्टी बुडवतात, लालसर थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. म्हणजे मी ज्याला गॅल्व्हॅनिक करोजन म्हणून कंपनीत ट्रेनिंग घेतलं ते मामा तीस वर्षं पट्टी बुडवून बघतायत. ॲल्युमिनियमवर तर तांब्याचे ठिपके बसले की प्रत्येक ठिपक्याभोवती खड्डा पडत जातो, पेंट शाबूत असेल तोवर ठीक, पण दगडाने टवका उडालेली जागा, बोल्टच्या खालची जागा, तिथून सुरुवात होते, आणि असा खड्डा वेल्डजवळ पडला तर थकव्याची चीर नेमकी तिथूनच निघणार. कार्बनला मोरचुदाचं काही नाही. मात्र कार्बन फ्रेममध्ये पण बाटलीच्या स्टँडच्या ॲल्युमिनियमच्या नटबुशा बसवलेल्या असतातच आणि कार्बन स्वतः ॲल्युमिनियमला ओल्यात खातो, म्हणून तर चांगल्या फ्रेममध्ये मध्ये काचेच्या फायबरचा थर देतात. तरी हा मुद्दा कार्बनच्या खात्यात गेला, प्रामाणिकपणे द्यावाच लागला.

मग आम्ही त्यावर अर्धा दिवस घालवला, आणि ठरलं असं की सायकल औषधाच्या शेडमध्ये राहणार नाही, घराच्या ओसरीत राहील, फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बागेत नेणार नाही, टवका दिसला की त्याच संध्याकाळी टचअप. आणि एचटीपीच्या (फवारणीच्या जोरदार दाबाच्या पंपाच्या) गनने धुवायची नाही, हे तर दोन्ही फ्रेमला लागू, त्या दाबाने पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जातं. मामींनी हे सगळं ऐकून ओसरीतली शिवणाची मशीन आत हलवली, म्हणजे त्यांचा होकार झाला असं आम्ही धरलं.

बाकीचे मुद्दे पटकन. कार्बन आरामदायी असतो म्हणतात, असेल, पण दीडशे मिलीमीटरचं सस्पेन्शन दोन्हीकडे, अडीच इंची टायरमध्ये २४ पीएसआय हवा, त्यात फ्रेम किती लवते हे पाठीला कळायला जागाच राहत नाही. मोटर गरम होण्याचा विचार केला, ६०६१ उष्णता वाहून नेतो १६७ वॅट प्रति मीटर-केल्विनने, कार्बन-एपॉक्सीच्या जाडीतून एकच्या आसपास, एप्रिलच्या उन्हात लांब चढावर हे अलॉयच्या बाजूने थोडं पडतं, फार नाही. मामेभावाचा एक मित्र दुबईहून स्वस्तात आणून देतो म्हणाला, त्याला सांगितलं की १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात घेतच नाहीत, आणि आपली ६३० ची आहे.

अलॉयच घेतली, नवीन, वॉरंटीसकट. वाचलेल्या दीड लाखातले साधारण ४५ हजार त्याच बाईकवर लावले आणि मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात कामाचा खर्च हाच. २४ किलोची बाईक आणि ८२ किलोचा माणूस पहिनेच्या उतारावर थांबवायला पुढे २०३ मिलीमीटरचा रॉटर (ब्रेकची चकती) आणि मेटल पॅड. जाड केसिंगचे टायर, ट्यूबलेस, मागच्या चाकात फोमचं इन्सर्ट, कारण बेसाल्टच्या कडेवर पहिला बळी रिमचा जातो. डाउनट्यूबला जाड फिल्म आणि त्यावर गार्ड, पण गार्ड दर महिन्याला काढून मागे बघायचंच, पुण्याच्या बाईकने ते शिकवलं. टॉर्क रेंच, कारण मामांच्या हातात ट्रॅक्टरचा पाना सवयीचा आणि स्टेमच्या बोल्टला लागतात ५ न्यूटन मीटर. आणि सस्पेन्शन मामांच्या वजनाला बसवून घेतलं, मागच्या शॉकला ३० टक्के सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर शॉक तेवढा दबायला हवा. दुकानातून आली तशी चालवली होती तेव्हा मामा म्हणायचे की मागचं चाक लाथ मारतंय, सॅग बसवल्यावर तेच मामा म्हणाले की आता गादी. उरलेले पैसे ठिबकच्या नव्या लाइनला गेले.

या ऑगस्टला चौदा महिने झाले, मीटरवर २,३०० किलोमीटर. डाउनट्यूबला खालून एक पोचा आहे, अंजनेरीच्या रस्त्यावरचा, गार्ड वाकवून आत गेलेला. मी खोली मोजली, दीड मिलीमीटर, कडा गोल, वेल्डपासून लांब, तारीख घालून फोटो काढून ठेवलाय, दर महिन्याला परत मोजतो, वाढलेला नाही.

मागच्या रविवारी ओसरीत डीपी केली. चाकं आणि ब्रेक कॅलिपर आधी काढून बाजूला, ते स्प्रे रॉटर-पॅडला लागले तर ब्रेक गेले. हेडट्यूब स्वच्छ, मोटरची बैठक स्वच्छ. चेनस्टेच्या पुलाच्या वेल्डपाशी पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, चार मिलीमीटर. मामा काही बोलले नाहीत, नुसते खाली बसले शेजारी. मला आमच्या मित्राचा तो चेनस्टे आठवला. पण पेंटवर डीपी केली की पेंटची चीर पण लाल दाखवते, म्हणून बारीक पॉलिश पेपरने तेवढ्या जागेचा पेंट उडवून धातू उघडा केला, क्लीनर, परत लाल, आता पूर्ण वीस मिनिटं थांबलो, मामींनी तेवढ्यात चहा आणला, पुसलं, पांढरा मारला आणि दहा मिनिटं तिघंही त्या अंगठ्याएवढ्या जागेकडे बघत बसलो. काही उमटलं नाही. चीर पेंटचीच होती.

"मग आता हे उघडं ठेवू नको," मामा म्हणाले, आणि स्वतःच टचअपची बाटली घेऊन आले, कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत बोर्डोची फवारणी होती.